पुढून उघडणारं हेल्मेट

हेल्मेटच्या दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. काउंटरवर त्यांचं जुनं, पुढून बंद असलेलं हेल्मेट पडलं होतं आणि नवऱ्याच्या डोक्यावर नवं होतं.

“अगं, बघ! हे बटण दाबलं की पुढचा अख्खा जबडाच वर! चष्म्यासकट घालता येतं!”

“हळू. मोडाल.”

“सिग्नलला उघडायचं, पाणी प्यायचं, परत खट्ट! इतकी वर्षं पिंपात डोकं घालून फिरलो मी!”

“मान हलवून बघा आधी. गालाला लागतंय?”

“छे, मस्त बसलंय. तुझी रोजची कटकट संपली बघ.”

“कसली कटकट?”

“मी हेल्मेट घातलं की दूध गॅसवर टाकून फाटकापर्यंत धावत येतेस. काच वर करून चष्मा आत सरकवतेस, काड्या कानावर बसवतेस. आता घरातूनच सगळं चढवून निघेन. तुला उठायलाही नको!”

“मी कधी म्हटलं कटकट म्हणून?”

“नाही, पण... दादा, हेच द्या. घालूनच जातो.”

“अहो, थांबा. काढा ते. चष्मा द्या इकडे. हां, आता घाला. बंद करा. फक्त काच वर.”

“अगं, इथे?”

“वाका जरा. हलू नका. झालं. दिसतंय?”

“मघापेक्षा बरं दिसतंय.”

“काकू, यात तसं करायची गरजच नाही. पुढचं नुसतं वर उचलायचं...”

“तुम्ही बिल करा हो.”