सकाळचा ज्यूस

२००६ साल, सिंगापूर. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांच्या खोलीतून एक मराठी जोडपं बाहेर आलं आणि माझ्या मागेच बसलं. नवऱ्याचा आवाज बसलेला होता.

“मधुवंती, ऐकलंस ना? घशाच्या कॅन्सरवर लघवीच्या गोळीचा उपयोग होतो का, ते संशोधन अजून लॅबमध्येच चाललंय.”

“ऐकलं हो.”

“माणसांना कुणी देत नाहीये.”

“बरं.”

“मग माझ्या सकाळच्या ज्यूसमध्ये तू काय घालतेस?”

“मी कशाला काय घालू?”

“बुकित बातोकच्या घरून येताना बाथरूमसाठी मला मध्येच एमआरटी ट्रेनमधून उतरावं लागलं.”

“अहो, बीपीवालेही तीच घेतात. साधी गोळी आहे.”

“आणलीस कुठून? प्रिस्क्रिप्शनशिवाय देत नाहीत.”

“घरातच होती. माझीच.”

“मग तू बीपीला काय घेतेस?”

“मला काय धाड भरलीय?”