न खोडलेला सतरावा

मावशी: टाक की गं अठरावा कोड. संगणक मागतोय ना, मग दे आणि मोकळी हो.

भाची: असा नाही देता येत. कागद बघ, मावशी. सोळापर्यंत खोडलेत, सतरावा तसाच आहे. मग हा अठरावा का मागतोय?

मावशी: चुकला असेल.

भाची: मोजणीत तो चुकत नाही. एक कोड एकदाच चालतो. अठरावा मागितला म्हणजे सतरावा कुणीतरी वापरलाय.

मावशी: वर ऑपरेशनसाठी बाई टेबलावर आडवी केलीय. तिच्या प्लेटलेट किती, ते कळल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. तुझा तपास नंतर कर.

(तळघरातल्या प्रयोगशाळेतला फोन वाजतो, थांबतो, पुन्हा वाजू लागतो.)

भाची: उचलू नकोस. तोंडी आकडा द्यायचा नाही, हा तुझाच नियम.

मावशी: आणि हा कागद तुझा. इथे मोबाईलला रेंज नाही म्हणून ओटीपी येत नाही, कोड देणारी महागडी यंत्रं परवडत नाहीत, म्हणून संगणक उघडायला शंभर कोड छापून आणलेस. वापरा आणि खोडा. तेव्हा म्हणालीस, पोरखेळाइतकं सोपं आहे.

भाची: सोपंच आहे. मेळ बसला नाही तर कागद रद्द करायचा आणि नवा काढायचा. तासाभराचं काम.

मावशी: तासभर ती बाई तशीच पडून राहील?

भाची: आणि कुणी संगणकात शिरून आकडे बदलले असतील तर? काल रविवारी कागद कुठे होता?

मावशी: माझ्या ड्रॉवरमध्ये. कुलूप लावून.

भाची: दुसरी किल्ली सफाईवाल्या काकांकडे असते.

मावशी: त्यांना चष्म्याशिवाय तारीख वाचता येत नाही. त्यांना मध्ये ओढू नकोस.

भाची: मग मी रद्द करते.

मावशी: थांब. सतरावा मी वापरला.

भाची: तू? तू तर आधी पेनाचं टोपण काढतेस, मग कोड टाकतेस. विसरलीस?

मावशी: विसरले नाही. खोडला असता तर आज सकाळी तू कामाच्या वहीशी पडताळला असतास. विचारलं असतंस, रविवारी कुणाचं काम निघालं.

भाची: कुणाचं निघालं?

मावशी: आधी अठरावा टाक. आत काही बदललेलं नाही. माझ्या शब्दावर टाक.

भाची: टाकला. उघडलं. प्लेटलेट दोन लाख दहा हजार. गेला रिपोर्ट वर. आता बोल.

मावशी: अठरावा खोड आधी.

भाची: खोडला. मावशी, कालच्या यादीत एकच नमुना आहे. नाव नाही. पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या वर जायला नकोत, आणि इथे तर…

मावशी: एक्क्याण्णव हजार.

भाची: न बघता सांगितलंस.

मावशी: महिनाभर जिना चढताना धाप लागतेय. म्हटलं, हाताशी प्रयोगशाळा आहे, बघून टाकू.

भाची: आणि हातावरचे ते काळेनिळे डाग? कपाटाचं दार लागलं म्हणालीस.

मावशी: म्हणाले खरं.

भाची: आईला माहीत आहे?

मावशी: तुझ्या आईला सांगायचं म्हणजे गावभर दवंडी. मशीनने आकडा आपोआप आत टाकला. आज तुझ्या यादीत दिसला असता, म्हणून पुसायला गेले.

भाची: पुसला नाहीस.

मावशी: सव्वीस वर्षांत कुणाचा आकडा पुसला नाही. बटणावर बोट ठेवून बसले, मग उठले.

भाची: मशीन चुकलं असेल.

मावशी: मघाशी म्हणालीस, चुकत नाही.

भाची: ते संगणकाबद्दल. पेशी मोजणारं मशीन चुकतं. मागच्याच महिन्यात चुकलं होतं.

मावशी: काचेवर थेंब पसरून भिंगाखाली बघितलं. तीनदा. तेच दिसलं.

भाची: स्वतःचा नमुना स्वतः तपासायचा नाही. पहिल्या दिवशी तूच शिकवलंस.

मावशी: म्हणून तर काच फेकली नाही. त्या ट्रेमध्ये आहे, शेवटची.

भाची: दे इकडे. मी बघते.

मावशी: भिंग नीट लावून बघ. वेळ लागेल.

भाची: लागू दे. तोवर तू सतरावा खोड.