आबाची कवटी

चहा निवला तरी चालेल, पण हे ऐका. माझी नात सायली कोर्ससाठी कॉम्प्युटरवर माणसाची कवटी घडवत होती. मातीसारखंच दाबायचं, ओढायचं, पण सगळं पडद्यावर. हाडं समजली तरच चेहरा जमतो, असं तिच्या सरांचं म्हणणं. तिची कवटी त्यांनी दोनदा परत पाठवली. "नारळ दिसतोय," म्हणाले. पोरगी रडकुंडीला आली. "आबा, कोर्सच सोडते मी."

मी म्हटलं, "माझं डोकं हाय की. चाचपून बघ."

तिने कपाळ, भुवया, गालाची हाडं बोटांनी हळूहळू पाहिली. मग म्हणाली, "जबडा नीट कळंना. आबा, कवळी काढा." काढली.

नवी कवटी झाल्यावर आमची ही पडद्याजवळ गेली आणि ओरडलीच, "अगं बया, हे तर तुझं आबा! जित्या माणसाची कवटी करत्यात व्हय?"

सायलीने तिला मिठी मारली. "आज्जी, वळखलंस न्हवं? मग जमलं!"

सरांनीही ती पास केली. आता त्यावर चेहऱ्याचे स्नायू घडवणं चाललंय. मला नुसतं हसत बसायला सांगितलंय. आज चहा देताना ही म्हणाली, "लग्नात तरी हसायचं हुतं की एवढं!"