घोंगडीवाला कोण, आणि कमलअक्का कुणाची

जमलेल्या सगळ्या आयाबायांनो, तात्या, सरपंच वहिनी, आणि वेल्ह्याहून, किकवीहून एसटीनं आलेल्या पाहुण्यांनो,

उभी तर राहिले. माईकवर बोलायची मला सवय नाही. शाळेतसुद्धा कधी भाषण केलं नाही. आणि पहिल्यांदा बोलायची वेळ आली ती अशी, कमलअक्काच्या फोटोला हार घातलेला असताना. काय बोलणार माणूस? पण आज गप्प बसले तर उद्या मला माझाच राग येईल. म्हणून बोलते. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मी वैशाली. माहेर किकवीचं, सासर इथलंच, मार्गासनीचं. पुढं बसल्यात, हिरव्या लुगड्यातल्या, त्या माझ्या सासूबाई.

मगाशी तात्या बोलले. चांगलंच बोलले. अक्काचा शिलाईत हात साफ होता म्हणाले. बाई सरळ होती म्हणाले. आणि मग जरा हसून म्हणाले, "तेवढं एक मालिकांचं येड होतं बाईला." त्यावर मागं काहीजण हसले.

तात्या, तुम्ही आमच्या भावकीत वयानं मोठे. तुमचा मान ठेवूनच सांगते. मला त्या येडाबद्दलच बोलायचंय.

एसटी स्टॉपजवळचं अक्काचं पत्र्याचं दुकान सगळ्यांनी बघितलंय. एक मशीन, एक इस्त्री, खुंटीला टांगलेले ब्लाऊज आणि वरच्या फळीवर छोटा टीव्ही. त्या टीव्हीवर रोज संध्याकाळी 'उंबराखालचं घर' लागायचं. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते. एक मोठं खटल्याचं घर. त्यांचा थोरला मुलगा कधीचा घर सोडून गेलेला, मेला असं धरून चाललेले. आणि एक दिवस त्यांच्या मळ्यात एक माणूस येऊन राहतो. डोक्यावरनं घोंगडी घेतलेली. तोंड दिसत नाही. बोलत नाही. पण घरावर संकट आलं की हा हजर. विहिरीत पडलेलं पोर यानं काढलं. गंजीला लागलेली आग यानं विझवली. आणि परत घोंगडी ओढून मळ्यात.

कोण हा माणूस? सगळ्या महाराष्ट्राला पडला असेल तो प्रश्न. आम्हाला जरा जास्तच पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शेतातनं आल्यावर, बाया दुकानात जमायच्या. कुणाला हुक लावायचा असायचा, कुणाचं फॉल-पिको, कुणाचं काहीच नसायचं. आणि चालू व्हायचं. मंदा म्हणायची, "त्यो पोलीस हाय, साध्या कपड्यातला. त्याची बुटं बघा." दुसरी म्हणायची, "न्हाई, धाकल्या सुनेचा बाप हाय त्यो." बहुतेकींचं म्हणणं एकच, हा तो गेलेला थोरला मुलगा.

अक्का मशीन थांबवायची नाही. पाय चालू, तोंड चालू. "कशावरनं?" हा तिचा पहिला प्रश्न. "मनाचं सांगू नगंस. काय दिसलं ते सांग." थोरला म्हणणाऱ्यांना ती म्हणायची, "अगं, थोरला डावखुरा हुता. लहानपणीचं दाखवलं तवा डाव्या हातानं गोट्या खेळत हुता. ह्यो कंदील कुठल्या हातात धरतो? कुऱ्हाड कुठल्या हातानं चालवतो?" मग सगळ्यांना आठवायचं, उजव्या.

मग तिला कुणी विचारायचं, "अक्का, तुला काय वाटतं?"

"मला वाटतं त्यो कुणाचाच न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी कुणाचा ल्योक न्हाई, कुणाचा बाप न्हाई. परका माणूस हाय. चालत आला, हितं बरं वाटलं, ऱ्हायला."

सगळ्या हसायच्या. मालिकेत असं कधी होतं का? पण अक्का हटली नाही. रोज एकच. त्यो कुणाचाच न्हाई.

हे येड. आता हे येड माझ्या काय कामाला आलं ते ऐका.

माझे मालक टेम्पो चालवायचे. एक दिवस सकाळी भाजी घेऊन पुण्याला जातो म्हणून गेले आणि परत आले नाहीत. मोबाईल बंद. टेम्पो सापडला हायवेला, किकवीजवळ. कुलूप लावलेला, किल्ली टायरवर ठेवलेली. तक्रार दिली, शोधाशोध झाली, काही कळलं नाही. आजपर्यंत कळलेलं नाही.

आणि मग गाव बोलायला लागलं. टेम्पो किकवीत सापडला, म्हणजे हिच्या माहेरच्यांचा हात असणार. कुणी म्हणे दुसरी बाई आहे, पनवेलला बघितलं. कुणी म्हणे हिचंच काहीतरी कळलं त्याला, म्हणून गेला. मी नळावर गेले की बोलणं थांबायचं. मी वळले की चालू. मला घराबाहेर पडवेना. भाकरी करायची, धुणं करायचं, आणि आतल्या खोलीत बसायचं.

मला बाहेर कुणी काढलं? अक्कानं काढलं. घरी आली आणि सासूबाईंना म्हणाली, "वैनी, लग्नसराईची कापडं पडल्यात माझ्याकडं. हिला पाठवा हुक लावाया." सासूबाई म्हणाल्या, "मी बी येते." आम्ही दोघी गेलो.

पहिल्याच दिवशी एकीनं, नाव घेत नाही, ती इथं बसलीय, तिनं हळूच विषय काढला. "काय गं, पनवेलचं खरं का?"

अक्कानं मशीन थांबवलं. तिला मी मशीन थांबवताना तेव्हाच बघितलं. म्हणाली, "हितं घोंगडीवाल्याबद्दल वाट्टेल ते बोलायचं. त्याला चोर म्हणा, पोलीस म्हणा. त्याला काय लागत न्हाई, कारण त्यो खरा न्हाई. ही खरी हाय. हिच्या घरातल्या माणसाबद्दल हितं अंदाज बांधायचा न्हाई. ज्येला बांधायचाय त्यानं आपलं कापड उचलावं."

कापड कुणी उचललं नाही. विषय बंद झाला तो कायमचा.

तात्या, तुम्ही ज्याला येड म्हणालात ते हे. तोंडाला चाळा सगळ्यांनाच लागतो. गावातल्या पारावर तो माझ्यावर भागत होता. अक्काच्या दुकानात तो एका नसलेल्या माणसावर भागायचा. मला सांगा, येडं कोण होतं?

आणि माझ्या सासूबाई. त्या महिनाभर दुकानात नुसत्या बसायच्या. एक दिवस अचानक म्हणाल्या, "त्यो थोरलाच हाय."

अक्कानं विचारलं, "कशावरनं, वैनी?"

"जेवताना पयला घास बाजूला काढून ठेवतो. ते आईनं लावलेलं वळण हाय. दुसऱ्या कुणाला यायचं न्हाई."

आम्हा सगळ्यांना कळलं त्या कुणाबद्दल बोलतायत. माझे मालक तसाच घास काढायचे. आता मला वाटलं, अक्का डावखुऱ्याचं काढणार. सगळ्यांशी भांडायची ती त्यावरनं. पण अक्कानं तोंडातली सुई काढली आणि म्हणाली, "असंल, वैनी. हे माझ्या ध्यानात आलं न्हवतं." त्यानंतर सासूबाई असताना तिनं डाव्या हाताचा शब्द काढला नाही.

मग ती बैठक झाली. सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते. तात्यांच्या अंगणात भावकी जमली. ठरत आलं होतं की मला माहेरी पाठवायचं. पोर तरणी आहे, घरात पुरुष नाही, बोलणी होतायत, पाठवली की बोलणी थांबतील. मी खांबाला टेकून उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही.

अक्का आली. गळ्यात टेप तसाच. न बोलावता आली आणि म्हणाली, "बोलणी हिनं चालू केली न्हाईत. ज्यांनी चालू केली त्यांनी थांबवावी. हिनं का जायचं?"

कुणीतरी म्हणालं, "तुझा काय संबंध? तू हिची कोण?"

"कुणी न्हाई," अक्का म्हणाली. "म्हणून तर याया लागलं. जे हिचे हाईत ते गप बसल्यात."

आणि तेव्हा माझ्या सासूबाई उठल्या. आयुष्यात भावकीपुढं ज्यांनी कधी मान वर केली नव्हती, त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझा ल्योक आला तर त्याला घरात बायको दिसली पायजे. आन न्हाई आला, तर मला सून दिसली पायजे. ही कुठं जायची न्हाई."

मी गेले नाही. म्हणून आज इथं उभी आहे.

मालिका पुढं संपली. शेवटच्या भागाला दुकानात उभं राहायला जागा नव्हती. घोंगडी काढली, आणि निघाला कोण? थोरला मुलगा. बाया ओरडल्या. माझ्या सासूबाईंनी टीव्हीला हात जोडले आणि त्यांच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. अक्कानं चहाच्या डब्याशेजारची साखर काढली, त्यांच्या हातावर ठेवली. "घ्या वैनी, तोंड गोड करा. आला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच होतो. इस्त्री करता करता म्हणाली, "वैशे, मला न्हाई पटलं."

मी म्हणाले, "अक्का, दाखवलं की त्यांनी."

"दाखवलं म्हणून काय झालं? डावखुरा माणूस उजवा हुतो व्हय?" मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "एवढं केलं त्या माणसानं त्या घरासाठी. आन शेवटी काय म्हणाले? आपल्याच रक्ताचा हुता. परक्यानं केलं असं म्हणाया त्यांची जीभ रेटली न्हाई."

ते मी विसरले नाही. कारण अक्का स्वतः कोण होती? मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधी ती एसटीतनं इथं उतरली, पोत्यात मशीनचं डोकं घेऊन. "धरणाकडची" एवढंच म्हणायची. त्यावरनं गावानं भाटघर धरलं. नवरा होता का? टाकलं का? पळून आली का? जात कोणती? तिच्या मागं हे सगळं आयुष्यभर चाललं. आणि तिच्याकडनं ब्लाऊज शिवून घेतले. भांडण झालं की तिच्याकडंच गेले. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं तर तिलाच हाक मारली.

परवा दुपारी मशीनवर बसल्या बसल्या तिच्या छातीत कळ आली. आम्ही टेम्पोत घातली. नसरापूरच्या अलीकडंच तिनं मान टाकली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

पोलीसपाटलांनी त्यांचं काम रीतसर केलं. धरणाकडच्या गावांत फोन लावले. कुणी ओळख सांगितली नाही. आणि मग गुंजवणीच्या काठावर, तिरडी खाली ठेवलेली, आणि प्रश्न निघाला. तिचं इथं कोण? कुठल्या रीतीनं करायचं? अग्नी कोण देणार? बाईला देता येतो का? एक जण दुसऱ्याकडं बघतोय. ऊन चढतंय.

आम्ही बाया थांबलो नाही. विहारातल्या बाया आल्या होत्या, त्यांनी त्रिशरण म्हटलं. माझ्या सासूबाईंनी तिच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं. मंदानं तिच्या हाताला कात्री धरून पडलेला घट्टा चोळून पुसला. जिला जे येत होतं ते तिनं केलं. आणि सासूबाई मला म्हणाल्या, "दे अग्नी." मी दिला. ज्यांना ते खटकलं, त्यांना ते खटकत राहो. मला त्याचं वाईट वाटत नाही आणि मी माफी मागणार नाही.

तेव्हापासून जो भेटतो तो मला कडेला घेतो. "तू तिच्याजवळची. तुला सांगितलं असणार. खरं सांग, कोण होती ती?" आज इथं, हार घालताना, दोघींनी विचारलं.

एकदाच सांगते, माईकवरनं सांगते. तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आणि तुम्हीही आता विचारायचं नाही. मेलेल्या बाईच्या तोंडावरची घोंगडी ओढायचा हक्क कुणालाच नाही.

माझे मालक का गेले ते मला ठाऊक नाही. अक्का कुठनं आली ते मला ठाऊक नाही. ठाऊक नसताना माणसाशी नीट वागता येतं. तिच्या दुकानात आम्ही रोज तेच करत होतो.

सोमवारपासून दुकान मी उघडणार आहे. मशीन मला चालवता येतं, तिनंच शिकवलं. टीव्हीही चालू राहील. नवीन मालिका लागलीय, त्यात एक पायपुसणी विकणारी बाई आहे, ती कुणाची कोण ते अजून कळलेलं नाही. या आणि भांडा. ज्यांना हसायचंय त्यांनी बाहेर उभं राहून हसावं.

आता सगळ्यांनी उभं राहूया. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसून राहिलं तरी चालेल. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. मनातही कुणी काही जुळवत बसू नका. नुसतं तिचं नाव घ्या.

कमलअक्का, तू कुणाची होतीस ते आम्हाला माहीत नाही. तू आमच्यात होतीस. तुला आम्हा सगळ्यांचा नमस्कार.