हलगी उभ्यानंच वाजेल

आजच्या या निरोप समारंभाचे आणि आपल्या मराठी स्नेहमेळ्याचे अध्यक्ष माननीय श्री. शैलेंद्र दातार, कार्यवाह सौ. नीताताई सबनीस, ज्यांच्यासाठी आपण शनिवारची संध्याकाळ मोकळी ठेवून क्वीन्सटाउनच्या या सभागृहात जमलो ते सत्कारमूर्ती श्री. उत्तम ओहोळ आणि त्यांच्या सहचारिणी लताताई, उत्तमदादांच्या खास आग्रहावरून व्यासपीठावर येऊन बसलेल्या त्यांच्या सहकारी डॉ. यव्होन, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी संजीवनी चंदनशिवे. वन-नॉर्थ भागातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. सूत्रसंचालन करणाऱ्या गार्गीने मला बजावलं आहे, की थोडक्यात बोल आणि हलकंफुलकं बोल. थोडक्यात बोलायचा प्रयत्न करीन. हलक्याफुलक्याचं काही सांगता येत नाही.

उत्तमदादा आणि लताताई पुढच्या आठवड्यात सिंगापूर सोडून पुण्याला चाललेत. दादांच्या कंपनीने त्यांना तिकडच्या ऑफिसचं प्रमुखपद दिलं आहे, आणि करमाळ्याकडच्या गावी त्यांचे अण्णा आता थकले आहेत. म्हणजे जाणं आनंदाचं आहे. पण या सभागृहात असे किती जण आहेत, ज्यांनी सिंगापुरात आल्यावर पहिलं घरचं जेवण लताताईंच्या टेबलावर घेतलं नाही? हात वर करा. बघा, कोणी नाही. शैलेंद्रसर, तुमचाही हात खाली आहे, मी पाहिलं.

घर शोधायलाही आपल्याबरोबर दादाच हिंडले. आठवतात ना त्या भाड्याच्या जाहिराती? फ्लॅट छान, एमआरटीचं स्टेशन जवळ, आणि खाली एक ओळ: नो इंडियन्स. काय संताप झाला होता आपला! स्नेहमेळ्याने खास बैठक घेतली होती. शैलेंद्रसर त्या बैठकीत इतकं सुंदर बोलले, की मला टाळ्या वाजवताना भरून आलं होतं. सर म्हणाले होते, माणूस कोण आहे हे न बघता तो कुठल्या लोकांतला आहे हे बघून दार लावणं, याच्याइतका मोठा दुसरा अपमान नाही. सर, मी ते वाक्य विसरले नाही. आजही त्याच वाक्याला धरून बोलणार आहे.

आता थोडं मागे जाते. २०१२ च्या पिकनिकला दादा बोलता बोलता म्हणून गेले, की माझे आजोबा गावात हलगी वाजवायचे. झालं! गणेशोत्सवाच्या आधी कमिटीचा फोन. उत्तमराव, बाप्पाच्या स्वागताला हलगी झाली पाहिजे, अगदी ऑथेंटिक. दादा म्हणाले, मी वाजवत नाही. लोकांना वाटलं, विनय आहे. पुन्हा फोन, पुन्हा आग्रह. शेवटी दादा बैठकीला आले आणि त्यांनी शांतपणे कारण सांगितलं.

त्यांचे आजोबा धोंडिबा ओहोळ. गावच्या जत्रेत, पाटलाच्या घरच्या लग्नात, कुणा साहेबाच्या स्वागतात हलगी वाजवत पुढे चालायचं, हे त्यांच्या वाट्याचं काम. तुम्हाला येतं का, वाजवाल का, असं कोणी विचारायचं नाही. जन्मच त्या कामासाठी, अशी गावाची समजूत. छप्पन्न साली धोंडिबांनी धम्म स्वीकारला. पुढच्या जत्रेला गावाने बोलावणं धाडलं, तेव्हा त्यांनी हलगी चावडीसमोर नेऊन ठेवली आणि सांगितलं, ही तुमची, आता तुम्ही वाजवा. गावाने दुकान बंद केलं, विहीर बंद केली, शेतावरचं काम बंद केलं. धोंडिबांनी हलगी परत उचलली नाही. दादा बैठकीत एवढंच म्हणाले, की आजोबांनी ती माझ्यासाठी खाली ठेवली आहे, बाप्पावर माझा राग नाही, पण मी वाजवणार नाही.

त्यावर काय उत्तर मिळालं? की उत्तमराव, हे सगळं इथे कशाला? सिंगापुरात कोण जात विचारतं?

खरं आहे. जात कोणी विचारत नाही. आडनाव विचारतात. मग गाव विचारतात. मग घरी गणपती बसतो का, ते विचारतात. आणि एवढं करूनही पत्ता लागला नाही, तर अगदी प्रेमाने विचारतात, ओहोळ म्हणजे नक्की कुठले हो? हसू नका, यातला प्रत्येक प्रश्न मलाही याच सभागृहात विचारला गेला आहे, फक्त ओहोळच्या जागी चंदनशिवे.

मग २०१३ चा फेब्रुवारी आला. डॉ. यव्होन, आता मी तुमच्याविषयी बोलते आहे. रुचिर, तू शेजारी बसून इंग्रजी करतो आहेस, तर त्यांच्या कानात नीट सांग, काही गाळू नकोस. यव्होन अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरातल्या. त्यांच्याकडे फेब्रुवारी हा आपल्या माणसांचा इतिहास सांगण्याचा महिना. सिंगापुरात त्यांच्यासारखी मोजकी कुटुंबं. कोणी अमेरिकेचे, कोणी नायजेरियाचे, कोणी घानाचे. ती सगळी बुओना व्हिस्टाला यव्होनच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये जमायची. भिंतीवर आजी-आजोबांचे फोटो, कोणी काढलेली चित्रं, कोणी शिवलेल्या गोधड्या. एकेकाने उठायचं, आपल्या माणसाचं नाव मोठ्याने सांगायचं, त्याने काय सोसलं आणि काय घडवलं ते सांगायचं. मग गाणं, मग जेवण. त्या वर्षी यव्होननी दादा आणि लताताईंना बोलावलं.

त्या संध्याकाळी यव्होननी बँजो वाजवला. आपल्याकडे मिरवणुकीत बटणं दाबून वाजवतात तो नव्हे. हा गळ्यात अडकवून वाजवायचा, चामड्याने मढवलेला. वाजवण्याआधी त्या म्हणाल्या, माझ्या आजीने हे वाद्य कधी घरात येऊ दिलं नाही. गुलाम करून आणलेल्या आमच्या लोकांनी हे आफ्रिकेतून आठवणीत आणलं. पुढे गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून, हेच हातात घेऊन आमच्या नकला केल्या. मग आमच्यातल्या पुष्कळांना ते नकोसं झालं. आजीचं बरोबर होतं. आणि आज मी वाजवते आहे, माझंही बरोबर आहे, कारण आज मला कोणी वाजवायला सांगितलेलं नाही.

लताताई सांगतात, हे ऐकताना दादा खुर्चीत नुसते चुळबुळत होते. जेवताना यव्होननी सहज विचारलं, उत्तम, तुझे आजोबा काय वाजवायचे? दादांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, ती हलगी आता कुठे आहे?

घरी येऊन दादांनी अण्णांना फोन लावला, मला हलगी शिकायची आहे म्हणाले. अण्णा कडाडले. "माझ्या बापानं खाली ठेवलीया ती. तू कशापायी उचलतुयास?" आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर दिवाळीपर्यंत बापलेकांत नुसतं खुशाली विचारण्यापुरतं बोलणं. दिवाळीत दादा गावी गेले, तर अण्णा टोपी घालून दारातच उभे. चल, म्हणाले. दादांना घेऊन तालुक्याला हलगी मढवणाऱ्याकडे गेले. एकेक हलगी बोटांनी वाजवून पाहिली, एक निवडली, आणि दुकानातच काड्या हातात घेऊन वाजवायला लागले. दादांनी जन्मात वडिलांचा हा हात पाहिला नव्हता. पोरपणी शिकलेलं, आयुष्यभर मिटून ठेवलेलं. त्या दुकानात दादा रडले, हे त्यांनीच मला सांगितलं आहे. सांगितल्याबद्दल दादा, नंतर रागवा.

अण्णांनी दादांना शिकवलं, पण एका अटीवर. त्यांच्याच शब्दांत सांगते. "कुनाच्या म्होरं चालत वाजवायची न्हाई. हुबा ऱ्हाऊन वाजीव. आन् कुनाच्या नावानं वाजवतुयास, ते आधी सांग. मग वाजीव."

२०१४ च्या एप्रिलमध्ये दादांनी बाबासाहेबांची जयंती चार भिंतींबाहेर साजरी करायची ठरवली. तोवर आम्ही इथली बौद्ध कुटुंबं ती घरात, पडदे ओढून, खिरीचं पातेलं मध्ये ठेवून करत होतो. स्नेहमेळ्याकडे एक संध्याकाळ मागितली. उत्तर आलं, जरूर करा, फक्त नाव वेगळं द्या, आणि फोटो नको. यव्होननी हे ऐकलं आणि आपल्या फंक्शन रूमची किल्ली पुढे केली. त्या म्हणाल्या, आमच्या भिंतीला खिळे मारलेलेच आहेत.

तशी पहिली जयंती बुओना व्हिस्टाला झाली. सिंगापूरच्या दमट हवेत हलगी सैल पडते. गावाकडे ती जाळावर शेकतात. इथे जाळ केला तर आधी फायर अलार्म वाजेल आणि मग आपण. तेव्हा लताताई टॉयलेटमध्ये उभ्या राहून हेअर ड्रायरने हलगी शेकत होत्या. दादा उभे राहिले. आधी बाबासाहेबांचं नाव घेतलं, मग धोंडिबा ओहोळांचं. मग वाजवली. खालचा सिक्युरिटी अंकल तक्रार घेऊन वर आला, दारात उभा राहून ऐकत राहिला आणि जाताना फक्त दार लावून गेला.

तेव्हापासून दर एप्रिलला हे होत आलं. आमच्या घरांतल्या आज्यांचे फोटो, ओव्या, जलशातली गाणी, आमच्या चित्रकारांची चित्रं. यव्होन आणि त्यांची मंडळी येतात, आम्ही फेब्रुवारीत त्यांच्याकडे जातो. गेल्या वर्षी बसायला जागा पुरली नाही. दादांच्या हाताखाली हलगी वाजवणारी पोरं तयार झाली, त्यात त्यांची राणी सगळ्यांच्या पुढे. राणी इथेच विद्यापीठात शिकते आहे आणि इथेच राहणार आहे.

आणि आता, दादा निघाल्यावर, स्नेहमेळ्याने मोठ्या मनाने पुढाकार घेतला आहे. ही संध्याकाळ यापुढे स्नेहमेळा करणार. नाव असेल लोककला संध्या. जयंती हा शब्द नाही, फोटो नाही, आज्यांची नावं नाहीत. हलगी मात्र हवी. वर्षभर प्रत्येक कार्यक्रमाला हवी, पाहुण्यांच्या पुढे चालत, त्यांना व्यासपीठापर्यंत आणायला. नीताताई मला गोड आवाजात म्हणाल्या, अगं, हलगी तर सगळ्यांचीच आहे ना?

नाही, नीताताई. धोंडिबा ओहोळांची विहीर बंद झाली, तेव्हा ती सगळ्यांची नव्हती. तुम्हाला आमचा आवाज हवा आहे आणि आमचं नाव नको आहे. गावाचंही अगदी हेच म्हणणं होतं. सर, दारावर नो इंडियन्स लिहिलं तेव्हा आपल्याला जे झोंबलं, ते हेच होतं ना? मग आमच्या फोटोला या सभागृहाचं दार का बंद?

आजच्या निमंत्रणात छापलं आहे, "हलगीच्या गजरात मान्यवरांचं आगमन." ते वाचून राणी तिच्या बाबांना म्हणाली, "So we are the doorbell lah, Pa?" आणि मग तुम्ही सगळ्यांनी पाहिलं, मान्यवर आले ते आपल्या चपलांच्या आवाजात आले. गार्गीने सांगितलं, तांत्रिक अडचण आहे. गार्गी, तुझा दोष नाही, तुला तसं सांगायला सांगितलं होतं. पण अडचण तांत्रिक नव्हती. हलग्या मागच्या खोलीत आहेत, छान शेकलेल्या आहेत. आम्ही वाजवल्या नाहीत.

दादा मला दुपारी म्हणाले, जाऊ दे संजीवनी, जाताना कडवटपणा नको. दादा, तुमचं सगळं ऐकलं आजवर, एवढं ऐकत नाही. तुम्ही ज्या गोष्टीसाठी एवढी वर्षं उभे राहिलात, ती तुमच्या निरोपाच्या हारासोबतच आम्ही देऊन टाकली, तर तो तुमचा सत्कार कसला? मला राग आला आहे, आणि तो मला लपवायचा नाही.

तेव्हा निर्णय सांगते. एप्रिलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती होईल. याच नावाने होईल, फोटो लावून होईल. जागा आम्ही घेतली आहे. कॉन्डोत नव्हे, याच सभागृहात, रीतसर अर्ज करून. पोस्टरवर नाव मोठ्या अक्षरांत असेल, म्हणजे एमआरटीतून उतरणाऱ्या माणसालाही वाचता येईल. स्नेहमेळ्यातल्या प्रत्येकाला निमंत्रण आहे, मनापासून आहे. शैलेंद्रसर, तुम्हाला पहिल्या रांगेतली खुर्ची. मात्र तिथपर्यंत तुमचं तुम्हाला चालत यावं लागेल.

आता आभार. अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. ते थांबवू शकले असते, हे मी जाणते. डॉ. यव्होन, किल्लीबद्दल तुमचे आभार. लताताई, त्या हेअर ड्रायरबद्दल आणि पहिल्या जेवणाबद्दल. उत्तमदादा, तुमचे आभार मानायला मला शब्द सुचत नाहीत, आणि अण्णांना आमचा सर्वांचा नमस्कार सांगा.

मानपानात, नावांच्या क्रमात, वेळेच्या मर्यादेत माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल, तर लहान समजून पोटात घाला. नावाबद्दल जे बोलले त्याची माफी मात्र मी मागत नाही. त्यात माझं काहीही चुकलेलं नाही.

राणी, ये बाळा, पोरांना घेऊन वर ये. इथे, मध्ये. चालायचं नाही, उभं राहायचं. माईक घे. आधी नाव सांग.

जय भीम.