शांतारामचा स्लो बॉल

मान हलवू नका साहेब, वस्तरा आहे — तर काय विचारत होतात, शांताराम? शांताराम बॉलर? अहो, ह्या ओमानच्या किनाऱ्यावर बॉल टाकायचा पगार घेणारा पहिला माणूस तो! गुहागरहून आला फरशी बसवायला. एका शुक्रवारी खाबुऱ्याच्या मैदानावर सहा बॉलांत चार दांड्या उडवल्या — टेनिस बॉलने हो — आणि सोहारच्या पाइप कारखान्याच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, दुसऱ्या दिवशी उचलला. विसा कसला? स्टोअरकीपरचा! स्टोअर कुठे आहे ते त्याला अजून माहीत नाही. टीम जिंकली की विसा वाढला, नाहीतर खलास — विमानात बस. चौदा वर्षं झाली. आम्ही दिवसभर उभे राहून पाय सुजवतो आणि हा चार ओव्हर टाकून आठवडाभर कॉलर ताठ. मग मस्करी नको करायला? एकदा मी त्याच्या बॅगेत बॉलऐवजी टेप गुंडाळलेला कांदा ठेवला. पठ्ठ्याने सरावात टाकलासुद्धा! समोरच्याच्या चष्म्यावर कोशिंबीर!

आणि आता त्याचा तो स्लो बॉल — ऐकलंय ना तुम्हीपण? धावत येतो वादळासारखा, आणि बॉल सुटतो कसा, तर पाळण्याला झोका दिल्यासारखा. बॅट्समन आधीच बॅट फिरवून मोकळा. सहमपासून मस्कतपर्यंत नक्कल करतात, म्हणतात काय डोकं! डोकं कसलं हो — हात वर जात नाही त्याचा! दीड वर्ष झालं, खांदा गेलाय. दर शुक्रवारी सकाळी ह्याच खुर्चीत बसतो, मी खोबरेल गरम करून अर्धा तास चोळतो, तेव्हा कुठे हात कानापर्यंत येतो. शर्टसुद्धा मी काढून देतो, नवरदेवाचा काढावा तसा. डॉक्टर म्हणाला बॉलिंग बंद. हा कसला बंद करतोय! पोरगी पूर्वा इथल्या शाळेत बारावीला, ती परीक्षा होईपर्यंत एकदा विसा वाढू दे म्हणतो. कलावतीवहिनींनाही पत्ता नाही. मला शपथ घातलीय — कासम, कुणाला बोलू नकोस. आता मी बोलतो का कुणाला? तुम्ही परके, दाढी करणार आणि जाणार —

काय म्हणालात? त्याच कारखान्यात? टीम तुमच्याकडे दिलीय?

हॅ हॅ — अहो साहेब, मस्करी केली! विचारा सहममध्ये कुणालाही, कासम न्हाव्याइतका खोटारडा दुसरा नाही. खांदा लोखंड आहे त्याचा, अल्लाची कसम... हसा की जरा. फोन कुणाला लावताय? साबण तरी पुसू द्या, एक गाल राहिलाय. बसा हो साहेब. बसा —

बरं. पैसे नकोत. दार ओढून घ्या, एसी चालू आहे.