जिन्यावरची सायकल

अगं, परवा माझं काळीजच थांबलं होतं. नवऱ्याचा लहानपणीचा हातातला व्हिडिओ गेम माळ्यावर सापडला, तो आमच्या पाच वर्षांच्या स्वरानं घेतला. त्यात एक माणूस जिन्यावरनं सायकल उडवतो. आपटला की बटन दाबायचं, लगेच उठतो आणि खेळ पहिल्यापासनं सुरू.

मी भाकरी थापत होते. खोलीतनं गेमचा आवाज येत होता, म्हणून निर्धास्त होते. तेवढ्यात हाक आली, “आई, बघ!”

बघते तर गच्चीच्या जिन्यावर, अगदी वरच्या पायरीला, पोरगी गच्चीत ठेवलेल्या तिच्या छोट्या सायकलवर बसलेली.

“बाळा, हलू नको हं!”

पिठाच्या हातानं धावत वर जाऊन तिला उचललं. सायकल मात्र घरंगळली आणि खाली फरशीवर हँडल वाकून पडली. तिला घट्ट धरून मी पायरीवरच बसले.

स्वरा म्हणाली, “सोड की आई. आता परत पहिल्यापासनं खेळायचं.”